‘उचल्या’ : फिर्यादीने वाचावयाचे पुस्तक

आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ची एक जुनी प्रत आहे. तिचा पुठ्ठा सुटला आहे आणि पाठीमागच्या कागदावरील तारखांचे शिक्के बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. शेजारच्या फळीवरील संतचरित्रांची स्थिती याहून फारशी बरी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. गेल्या उपवासकाळात ती प्रत मी पुन्हा वाचावयास घेतली. हे पुस्तक १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यानंतर थोड्याच काळात, सेमिनरीत शिकत असताना, मी ते प्रथम वाचले होते. त्या वेळी ते मला एका दुर्दैवी जमातीची करुण कहाणी वाटले होते. मन हेलावले, दोन दिवस जेवणाच्या टेबलावर त्याची चर्चा झाली आणि परीक्षा जवळ आल्या. आता पंचवीसेक वर्षांच्या धर्मसेवेनंतर तेच पुस्तक वाचताना ध्यानात आले, की ते माझी दया मागतच नव्हते. ते माझ्याविषयी काही सांगत होते, आणि ते मला तेव्हा ऐकू आले नव्हते.

लक्ष्मण गायकवाड हे लातूरजवळच्या धनेगावचे. त्यांच्या जमातीला कोठे उचले म्हणतात, कोठे टकारी, कोठे भामटे, कोठे पाथरुट. ही नावे नुसती वाचली तरी आपल्या भाषेने काय केले आहे ते कळते. ‘भामटा’ हे एका जमातीचे नाव. आपण त्याचा अर्थ लबाड असा करून टाकला. ‘बेरड’ हेही जमातीचे नाव. मराठीत त्याचा अर्थ निर्ढावलेला. बाई भांडखोर असली की ती ‘कैकाडीण’ किंवा ‘वडारीण’. पोलीस चौकीत नोंद होण्यापूर्वी कितीतरी आधी आपल्या बोलण्यात ही माणसे गुन्हेगार ठरून गेलेली असतात. जुन्या हिंदी चित्रपटांत ख्रिस्ती पात्र हमखास दारुडे दाखवीत, तेव्हा आपल्या समाजाने निषेधाची पत्रे लिहिली, आणि योग्यच केले. पण ‘भामटा’ हा शब्द आपल्या तोंडून किती सहज जातो! माझ्याही गेला आहे, आणि तोही प्रवचनात.

भाषेने जे केले त्यावर कायद्याने शिक्कामोर्तब केले. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यामागील तर्क असा होता, की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा मुलगा विणकर होतो, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होणार. पुढे या कायद्यात वेळोवेळी बदल झाले, त्याची व्याप्ती वाढली, आणि १९२४ च्या कायद्याने सर्व प्रांतांना एकच चौकट लागू झाली. एखादी जमात एकदा यादीत आली की तिच्यात जन्मलेले मूल काही करण्यापूर्वीच संशयित ठरे. ठरलेल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्यावाचून गाव सोडावयाचे नाही, रात्री कोण घरात आहे आणि कोण नाही याचा पोलीस पाटलाला हिशेब द्यावयाचा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने या जमातींना ‘विमुक्त’ केले. पण त्यापाठोपाठ निरनिराळ्या राज्यांत ‘सराईत गुन्हेगारां’विषयीचे कायदे आले, आपल्या मुंबई राज्यात १९५९ साली, आणि ठाण्यातील रजिस्टरे, त्यांतील नावे आणि ती वाचणारे डोळे पुष्कळसे जुनेच राहिले. ‘उचल्या’तील बालपण हे या ‘विमुक्ती’नंतरचे आहे, हे वाचकाने सतत ध्यानात ठेवावयास हवे.

या पुस्तकातील पोलीस रात्री येतात. घराची झडती होते, बायकांची विटंबना होते, पुरुषांना नेले जाते, काही दिवसांनी ते लंगडत परत येतात. चोरी झालेली असो वा नसो, पोलीस येतातच. आणि चोरी झाली असेल तर त्यातला वाटाही नेतात. कोठेही आक्रोश नाही. आज भाकरी मिळाली, आज मिळाली नाही, आज पोलीस आले, हे सारे एकाच सुरात सांगितले जाते. कोणाही पोलिसाला नीटसा चेहरा नाही. एखादा समीक्षक हा लेखनाचा दोष मानील. मला तो दोष वाटत नाही. ज्या घरावर धाडी पडतात त्या घरात पोलीस हे पाऊस-पाण्यासारखे असतात. पावसाला कोणी नाव विचारीत नाही.

पुस्तकातील सर्वांत भयंकर भाग मात्र पोलीस हजर नसतानाचा आहे. चोरीचा धंदा शिकणाऱ्या पोरांना जमातीतील वडीलधारेच मारतात. उद्या पोलीस मारतील तेव्हा साथीदारांची नावे तोंडातून निघू नयेत, म्हणून आजच मार सोसण्याची सवय करावयाची. घरातला मार ही कोठडीतल्या माराची तालीम! हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. आपण मुलांना प्रार्थना शिकवितो, पाढे शिकवितो. येथे बाप मुलाला मार खाणे शिकवितो, आणि तेही त्याच्याविषयीच्या काळजीपोटी. राज्याची हिंसा एखाद्या समाजाच्या अंगणात कशी मुरते, हे मराठीत इतक्या थंडपणे दुसऱ्या कोणी सांगितल्याचे मला स्मरत नाही. आणि जेव्हा बाप लक्ष्मणला शाळेत घालतो, तेव्हा त्याला विरोध करतात ते जमातीतीलच लोक. इतक्या पिढ्या मार खाल्ल्यावर वेगळ्या वाटेचीसुद्धा भीती वाटू लागते.

या विषयावरचे ‘उचल्या’ हे मराठीतील पहिले लेखन नव्हे. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’त (१९५९) हजेरीचा जाच आहेच, पण तेथे एक नायक आहे. फकिरा तलवार उपसतो आणि वाचकाचा ऊर भरून येतो. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) कैकाड्यांचे पाठीवरचे बिऱ्हाड आपल्या दारात आणून ठेवले. भीमराव गस्ती यांच्या ‘बेरड’मध्ये बेळगावच्या परिसरातील बेरडांवरील पोलिसी अत्याचार आहेत. ‘उचल्या’त नायक नाही आणि तलवारही नाही. मात्र त्याची खरी तुलना मला वेगळ्याच एका कलाकृतीशी करावीशी वाटते.

श्री. दा. पानवलकर यांची ‘सूर्य’ ही कथा आणि तिच्यावरून विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली केलेला ‘अर्धसत्य’ हा चित्रपट पुष्कळांना ठाऊक आहे. तरुण फौजदार वेलणकर बापाच्या धाकात वाढलेला आहे. वरिष्ठांकडून आणि राजकारण्यांकडून त्याची कोंडी होते, आणि त्याचा संताप अखेर कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो; त्या मारात तो चोर मरतो. आपण सारा वेळ वेलणकरबरोबर असतो. त्याचा अपमान हा आपला अपमान होतो, आणि त्याचा हात उठतो तेव्हा तो का उठला हे आपल्याला कळते. ही मोठीच कामगिरी आहे. पोलिसाला राक्षस म्हणून सोडून देणे सोपे असते. माझ्या धर्मग्रामात पोलिसांची कुटुंबे आहेत. सण आपल्या घरी आणि बंदोबस्त दुसऱ्याच्या दारी, हे त्यांचे जिणे मी पाहिले आहे. पण त्या कोठडीतल्या चोराविषयी प्रेक्षकाला काय कळते? जवळजवळ काहीच नाही. वेलणकरच्या शोकांतिकेला एक प्रेत लागते, तेवढे तो पुरवितो. चारच वर्षांनी ‘उचल्या’ आले. मला वाटते, तो कोठडीतला चोर या पुस्तकात बोलावयास लागला. त्याला आई आहे, भाऊ आहेत, उपाशी झोपलेली भाचरे आहेत. आणि वेलणकरच्या मनात काय खळबळ चालली होती याच्याशी त्याला काडीचेही कर्तव्य नाही.

पुस्तकात उणिवा आहेत. लेखक सूतगिरणीत काम करू लागतो, चळवळीत पडतो, आणि तेथून पुढे निवेदनाचा पोत बदलतो. मोर्चे, सभा, निवेदने, पुढाऱ्यांची वागणूक असे सारे वृत्तांताच्या भाषेत येऊ लागते. लहान लक्ष्मणचे डोळे जे पाहत होते ते कार्यकर्ता लक्ष्मणला पाहावयास सवड नाही. घरातील बायकाही बहुतेक सोसणाऱ्या म्हणूनच दिसतात. त्यांना काय वाटत होते, त्या आपसात काय बोलत होत्या, हे फारसे कळत नाही. पण हे दोष मान्य करूनही मला वाटते, की आपल्या समीक्षेने पुस्तकावर अन्याय केला तो वेगळ्याच रीतीने. ‘दाहक अनुभव’, ‘वेगळे विश्व’ असे शब्द वापरून तिने ते आपल्यापासून दूर नेऊन ठेवले. विश्व वेगळे असेल तर आपला संबंध संपला.

संबंध कोठे आहे? प्रत्येक धाडीच्या अलीकडे एक फिर्याद असते. पोलीस उगाच पालांकडे जात नाहीत. कोणाची तरी कोंबडी, घागर किंवा साखळी गेलेली असते, आणि त्या कोणीतरी बोट दाखविलेले असते. तो फिर्यादी पुस्तकात क्वचितच दिसतो, कारण तो पुस्तक हातात धरून बसलेला असतो.

आपल्या ख्रिस्ती माणसांना या इतिहासात आणखी एक जागा आहे, आणि ती आपण फारशी सांगत नाही. इंग्रजी अमलात यादीतील जमातींसाठी ज्या वसाहती काढल्या गेल्या, त्यांतील कित्येक ख्रिस्ती संस्थांच्या हाती सोपविल्या होत्या. मुक्तिफौजेने तर देशाच्या अनेक भागांत त्या चालविल्या. शाळा, उद्योग, दवाखाना असे सारे तेथे होते, आणि भोवती पहाराही होता. सोलापुरात तारेच्या कुंपणातील अशा वसाहतीचा भाग आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. त्या मिशनरी स्त्री-पुरुषांच्या सेवाभावाविषयी मला शंका नाही. पण हजेरीची घंटा आणि प्रार्थनेची घंटा एकाच हाताने वाजत होती. ज्यांचा प्रभू रात्री पकडला गेला आणि निवाड्याच्या आधीच ज्याच्या तोंडात शिपायाने चपराक मारली, त्यांना ही घंटा खटकावयास हवी होती.

आता आपल्या भागाकडे येऊ. कल्याणहून टिटवाळ्याकडे जाताना शहाडनंतर आंबिवली लागते. चष्मे, चाकू, खडे विकत फिरणाऱ्या इराणी कुटुंबांची तेथे वस्ती आहे. साखळीचोरीच्या बातम्यांतून तिचे नाव सर्वांना ठाऊक झाले आहे. परराज्यांतील पोलीससुद्धा शोध घेत तेथे येतात; अटका होतात, कधी पोलिसांवर दगडफेक होते. गुन्हे घडतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. डोंबिवलीच्या गर्दीत जिची साखळी खेचली गेली आणि मानेवर वळ उठला, ती माझ्याच धर्मग्रामातील बाई असू शकते, आणि तिला न्याय मिळालाच पाहिजे. पण त्या वस्तीचा पत्ता लिहून नोकरीचा अर्ज करणाऱ्या तरुणाचे काय होत असेल, हा प्रश्न लोकलच्या डब्यातील चर्चेत कधी निघत नाही. तेथे ‘सगळे तसलेच’ या दोन शब्दांत १८७१ चा सबंध कायदा मावतो.

२०२० च्या मे महिन्यात अमेरिकेतील मिनीआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर पोलिसाने नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला आणि त्यांचा जीव गेला. आमच्या युवक मंडळातील मुले फार अस्वस्थ झाली होती. टाळेबंदीतही त्यांनी मेणबत्त्या लावल्या. त्या प्रकरणातील एक तपशील मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटला. सारे सुरू झाले ते एका दुकानातील वीस डॉलरच्या संशयित नोटेवरून. ती नोट घेणारा दुकानातील नोकर एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी न्यायालयात साक्ष देताना त्याने आपल्याला वाटणाऱ्या अपराधीपणाविषयी सांगितले. आपण ती नोट घेतलीच नसती तर हे टळले असते, अशा अर्थाचे तो बोलला. पोलिसाला फोन त्याने स्वतः केला नव्हता. मला तो मुलगा ‘उचल्या’ वाचताना पुन्हा पुन्हा आठवला, आणि त्याचे कारण आता सांगावयास हवे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. एका सकाळी चर्चमधील दानपेटी फोडलेली आढळली. रक्कम मोठी नव्हती. पोलीस आले, पंचनामा झाला आणि नेहमीचा प्रश्न आला : “फादर, संशय कोणावर?” मी म्हणालो, “मागच्या मैदानात चार दिवसांपासून पालं पडली आहेत.” एवढेच. मी कोणाचे नाव घेतले नाही, आणि मारा असेही म्हटले नाही. संध्याकाळी कागदावर सही करावयास गेलो, तेव्हा बाहेरच्या व्हरांड्यात सोळा-सतरा वर्षांचा एक पारधी मुलगा भिंतीला टेकून बसला होता. तळपाय सुजले होते, आणि ते जमिनीला लागू नयेत म्हणून त्याने टाचांवर धरले होते. त्याने माझ्या झग्याकडे पाहिले. मी सही केली आणि बाहेर पडलो. पंधरा दिवसांनी कळले, की पेटी आमच्याच एका घरातल्या मुलाने फोडली होती. त्याचे आईबाप रडत आले. समितीची बैठक झाली. मुलाच्या भवितव्याचा विचार करून प्रकरण घरातल्या घरात मिटवावे असे एकमताने ठरले. मीही त्याच मताचा होतो, आणि आजही त्या मुलावर दया केली याचे मला वाईट वाटत नाही. पण त्या बैठकीत दुसऱ्या मुलाचा विषय कोणी काढला नाही, आणि अध्यक्षस्थानी मी होतो. नंतर एकटाच मैदानात गेलो, तेव्हा पालं उठून गेली होती. चुलीचे दगड तेवढे राहिले होते.

हे केवळ माझ्या भावनेचे प्रकरण नाही. १९९६ च्या डिसेंबरात डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेविषयी नियम घालून दिले : अटकेची नोंद करा, नातेवाइकांना कळवा, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करा. त्यानंतर दीड वर्षाने, १९९८ च्या जूनमध्ये, बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी संघटना उभारली. ‘उचल्या’चा लेखक आपल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर थांबला नाही. आणि २०१९ च्या ५ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा जणांना निर्दोष सोडले. २००३ सालच्या एका अत्यंत घृणास्पद गुन्ह्यासाठी त्यांना फाशीची शिक्षा झाली होती, आणि २००९ साली याच न्यायालयाने त्यांतील तिघांची फाशी कायम केली होती आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली होती. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षे गेली. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि संबंधित अधिकाऱ्यांवर कारवाई, असा आदेश झाला. त्या सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

२०२४ च्या ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारलेली कामाची वाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदी रद्द केल्या. म्हणजे १९५२ नंतर ७२ वर्षे त्या कागदावर जिवंत होत्या! त्याच वर्षी डिसेंबरात परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातील कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. शवविच्छेदनात अंगावरील अनेक जखमांचा उल्लेख आला, आणि पोलिसांवर गुन्हा नोंदविण्यासाठी त्याच्या आईला २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आपल्यापैकी पुष्कळांनी फादर स्टॅन स्वामी यांच्यासाठी मिस्सा अर्पण केला. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते ८३ वर्षांचे होते, कंपवाताने हात थरथरत असत. तळोजा कारागृहात त्यांना पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मागावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात त्यांचे निधन झाले. आपण शोक केला, कारण ते आपले होते. परंतु त्या जेझुइट धर्मगुरूंनी स्वतः कोणासाठी शोक केला होता? झारखंडच्या तुरुंगांत खटल्यावाचून खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी. त्या कच्च्या कैद्यांची त्यांनी पाहणी केली, न्यायालयात अर्ज केला. ती मुले त्यांच्या नात्यातली नव्हती, आणि त्यांतील बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत.

‘उचल्या’च्या प्रस्तावनेत लेखक सांगतो, की आपल्याला जन्मतारीख नाही, गाव नाही, घर-शेत नाही, जातही नाही. सेमिनरीत मी त्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती, ती त्यांच्या शैलीसाठी. या वेळी ती पाने वाचताना मला व्हरांड्यातील त्या मुलाचे नाव आठवून पाहावेसे वाटले. ते मला ठाऊकच नव्हते. मी विचारलेच नव्हते. फिर्यादीच्या कागदावर मात्र माझे पूर्ण नाव, वय, धंदा आणि पत्ता व्यवस्थित लिहिलेला असेल.

वाचनालयाची प्रत अजून माझ्याकडेच आहे. पुठ्ठा चिकटवून घेतला आहे; येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती कपाटात परत ठेवीन.